शेवटच्या ताटाची घंटा

११ जुलै

प्रिय मामा,

नोकरी लागून पाच आठवडे झाले आणि माझ्या हातून अजून काहीही फुटलेलं नाही, हे आधी मामीला सांग. तिने एक महिन्याची मुदत दिली होती.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसता "हो हो" म्हणतोस. मागच्या खेपेला मी "मला ताप आहे" म्हटलं, तर "वा, छान" म्हणालास. कानाचं यंत्र कपाटात ठेवलं तर ते कपाटालाच ऐकू येणार.

आता खरं ते सांगते. मला झोप लागत नाही. सरकारी शाळांसाठी नवा कायदा झालाय. तू मसुदा विभागातून निवृत्त झालास, त्यानंतर मंजूर झाला, म्हणून तुझ्यावर राग नाही. प्रत्येक शाळेने दर वर्षी आराखडा लिहायचा: शिकवणं कसं चाललंय, इमारत कशी आहे, मुलांची तब्येत आणि मन ठीक आहे का, कुठे कमी पडतो, काय करणार. बेचाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे "होय" आणि "नाही" अशा दोन चौकटी. आणि शेवटी एक ओळ: "वरील सर्व माहिती मी स्वतः पाहून लिहिली आहे." खाली सही. हे काम सर्वांत नव्या शिक्षकाचं, म्हणजे माझं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माझं इतकं मनापासून अभिनंदन केलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शेजारच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगं, बसल्या बैठकीत होतं. सगळीकडे होय, होय, होय. मी चहा गार व्हायच्या आत भरला."

पण "स्वतः पाहून" म्हणजे स्वतः पाहूनच ना, मामा? प्रश्न सातवा: सर्व खिडक्या उघडतात का? मी शाळेतल्या खिडक्या उघडत फिरले. बाहेरून मोजल्या तर अठ्ठावन्न, आतून सत्तावन्न. दोन दिवस मला वाटलं, मला मोजता येत नाही. शेवटी अठ्ठावन्नावी चित्रकलेच्या कपाटामागे सापडली. आत कबुतराचं घरटं होतं आणि कबुतरीण माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जणू मीच परवानगी न घेता आले.

ते सगळं जमेल. मला धडकी भरलीय ती एकतिसाव्या प्रश्नाची. कलम अठरा: प्रत्येक मुलाला बसून जेवायला किमान वीस मिनिटं मिळतात का? हे कलम लिहिणाऱ्याने जन्मात शाळेचं भोजनगृह पाहिलेलं नसणार. खुर्चीत बसून कागदावर मिनिटं वाटायला काय जातं!

मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत न जाता दादा-ताईबरोबर तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. शाळेत पहिल्याच दिवशी न विचारता पाणी प्यायले म्हणून बाकावर उभं राहावं लागलं. तेव्हापासून कुठलाही नियम दिसला की मी घाबरते. तुला हसू येत असेल. हसू नकोस.

तुझी,
मोजपट्टी

१६ जुलै

प्रिय मोजपट्टी,

पत्र पोहोचलं. हसलो नाही. कबुतरिणीपाशी थोडासा हसलो.

मुद्दा एक: स्वतः पाहून म्हणजे स्वतः पाहूनच. ती ओळ लिहिणाऱ्याने ती चहा गार व्हायच्या आत भरण्यासाठी लिहिलेली नसावी.

मुद्दा दोन: कलम अठराबद्दल तू जरा उतावीळपणे बोलतेस. ज्या कोणी ते लिहिलं त्याच्यापुढे काही कारण असू शकेल. खुर्चीत बसलेला माणूसही कधीतरी कुठेतरी जेवलेला असतो. मी सर्वसाधारणपणे बोलतोय.

मुद्दा तीन: मिळतात का असं विचारलंय ना? मग मोज. उत्तर घाबरून येत नाही, मोजून येतं. हे मी तुला सहा वर्षांची असताना शिकवलं होतं.

तुझा,
मामा

ता.क. मी मामी लिहितेय, पाकीट बंद करताना. मुद्दा दोन याने चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. का, ते विचारलं तर म्हणतो, "सर्वसाधारणपणे." मुदत मी दोन महिने केलीय. जपून.

२ ऑगस्ट

प्रिय मामा,

मोजलं. आणि आता मोजलं नसतं तर बरं, असं झालंय.

खेळाच्या सरांकडून स्टॉपवॉच मागून घेतलं. पहिल्या दिवशी माझ्या तिसरीच्या मुलांनी ते पाहिलं, आणि त्यांना वाटलं शर्यत आहे. सगळा वर्ग अडीच मिनिटांत जेवला. एकाला ठसका, दोघांना उचक्या, आणि जो पहिला आला त्याने बक्षीस मागितलं. तो दिवस मी रद्द धरला. पुढचे नऊ दिवस घड्याळ रुमालात गुंडाळून उभी राहिले, सर्दी झाल्यासारखी.

आमच्या भोजनगृहात एका वेळी सत्तर मुलं बसतात. शाळेत दोनशे दहा. म्हणून तीन पंगती, प्रत्येकीला घंटेपासून घंटेपर्यंत तीस मिनिटं. कागदावर ऐसपैस. पण रांग लावायला तीन मिनिटं जातात. हात धुवायला नळ तीन, त्यातला एक रुसलेला, त्यामुळे शेवटच्या मुलाचे हात धुऊन होईपर्यंत अकरा. ताट घ्यायला पाच. घंटेआधी टेबल पुसायला तीन. उरली किती? आठ. मी नऊ दिवस मोजली. एका दिवशी नऊ झाली, कारण एक मुलगा हात न धुताच बसला.

शेवटची असते ती एकच. वर्ग तिला गोगलगाय म्हणतो आणि तीही ऐकून घेते. वाटाणे एकेक करून खाते, मध्ये खिडकीबाहेर बघते. घंटा झाली की मुलं ओरडतात, "गोगलगायीमुळे उशीर!" मग ती अर्धं ताट सरळ बादलीत ओतते आणि पळते. रोज. शेवटच्या तासाला तिचं डोकं दुखतं. का, ते कुठल्याही डॉक्टरला विचारायला नको, मी आकडे लिहून ठेवलेत.

मी वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आवाज जरबेचा, पण कोणाचं मूल आजारी असलं की स्वतः तास घेतात. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला.

"घंटा ते घंटा किती?"

"तीस."

"कायद्यात?"

"वीस."

"मग दहा मिनिटं आपण जास्तच देतोय. होय लिहा."

"पण बाई, बसून..."

"हे बघा, एक जरी सक्तीच्या प्रश्नाला 'नाही' आलं, तर शाळा सुधारणा यादीत जाते. तपासणी येते, मुख्याध्यापकाच्या नोंदीत लाल शेरा पडतो. मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. एकतीस वर्षांत माझ्या नोंदीत एक शेरा नाही. तुमचं तर हे पहिलं वर्ष, कायम व्हायचंय अजून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला काय ते पोर दिसत नाही का?"

मला त्या शेवटच्या वाक्याचंच वाईट वाटलं. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

होय लिहिलं तर माझी सही खोटी. नाही लिहिलं तर त्यांची एकतीस वर्षं डागाळणार. चोवीस ऑगस्टपर्यंत आराखडा द्यायचाय. मामा, काय करू?

मोजपट्टी

७ ऑगस्ट

प्रिय मोजपट्टी,

आधी पाणी पी. (विचारायची गरज नाही.)

तू घाबरतेस तेवढं काही नाही. हा कायदा कोणाला पकडायला केलेला नाही, सांगायला लावायला केलाय. कलम तेवीस, पोटकलम चार बघ. जी शाळा आपली उणीव आपण होऊन, आकड्यांसकट लिहील आणि सोबत उपाय लिहील, ती त्या वर्षी यादीत जाणार नाही. यादी आहे ती लपवणाऱ्यांसाठी. सगळ्या कायद्याचा जीव त्या चार ओळींत आहे.

तेव्हा सरळ लिही: नाही. आठ मिनिटं. मोजण्याची पद्धत अमुक. उपाय तमुक. खाली लिही, "कलम २३(४) प्रमाणे." मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, शेरा पडणार नाही. माझा शब्द.

मामा

ता.क. मामी. पत्र लिहून झाल्यावर हा शीळ घालत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुम्हा दोघांचं काय चाललंय ते मला कोणी सांगेल का?

२४ ऑगस्ट

प्रिय मामा,

दिला! आज सकाळी अकराला, पोच घेऊन.

तुझं पत्र मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन स्वतः परत वाचलं. मग म्हणाल्या, "असं पोटकलम आहे? मग हे लोक आम्हाला सांगत का नाहीत?" आणि "नाही" या चौकटीत त्यांच्यासमोर मी फुली मारली. उपाय म्हणून आम्ही लिहिलं की नळ वाढवू आणि पंगतींची वेळ बदलू. कधी, ते लिहिलं नाही, कारण ते मला स्वतः दिसलेलं नाही.

अठ्ठावन्नाव्या खिडकीपुढे लिहिलं: "उघडते, परंतु पिल्लं उडेपर्यंत उघडणार नाही." मोठ्या बाईंनी तेही राहू दिलं.

आज भूक लागली, मामा. आठवड्यात पहिल्यांदा.

मोजपट्टी

३० सप्टेंबर

मामा,

सोबत नोटिशीची नक्कल जोडलीय. महत्त्वाची ओळ ही: "आपण उद्धृत केलेले कलम २३ (४) प्रस्तुत अधिनियमात अस्तित्वात नाही. सबब शाळेचा समावेश सुधारणा यादीत करण्यात येत आहे." नोव्हेंबरात तपासणी येणार.

मोठ्या बाईंनी कपाट उघडून पूर्ण कायदा काढला. कलम तेवीसला तीनच पोटकलमं आहेत. मी चार वेळा वाचलं. पान चिकटलंय का ते नखाने पाहिलं.

सगळ्यात वाईट काय ते सांगू? तो कायदा पूर्ण वेळ त्या कपाटात होता. मागितला असता तर मिळाला असता. मी खिडक्या मोजल्या, नळ मोजले, वाटाणे मोजायचे बाकी ठेवले होते, आणि हे एक तपासलं नाही. का, तर तू सांगितलं होतंस. तुझं अक्षर माझ्यासाठी पाठ्यपुस्तक आहे. आणि वर सही केली, स्वतः पाहून लिहिलंय.

तसं पत्र, तुझ्या त्या चार ओळी जोडून, मी कचेरीला पाठवलंय, की आकडे पाहिलेले आहेत, कलम पाहिलेलं नव्हतं, चूक माझी, मुख्याध्यापिकांची नाही.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. तीन दिवस मला "मॅडम" म्हणतायत. त्यापेक्षा बाकावर उभं केलं असतं तर चाललं असतं.

तू कुठून वाचलं होतंस, मामा?

५ ऑक्टोबर

माझी बाय,

मामी लिहितेय. मुख्य पत्र माझं, ता.क. त्याचा, असं पहिल्यांदाच होतंय. तुझं पत्र आल्यापासून हा टेबलाशी बसतो, कोरा कागद पुढे घेतो, आणि जेवायला हाक मारली की तो कागद घडी घालून खिशात ठेवतो. आतापर्यंत नऊ कागद धुतले मी.

शेवटी मी म्हटलं, "तू नाही लिहिलंस तर मी लिहिते." तर ऐक. ते कलम अठरा लिहिणारा, ज्याने म्हणे जन्मात भोजनगृह पाहिलं नाही, तो माझ्यासमोर बसून नख कुरतडतोय. सगळा कायदा यानेच लिहिला. नोकरीतला शेवटचा मसुदा. ते पोटकलम चारही त्यातच होतं. हा निवृत्त झाला, दोन महिन्यांनी कायदा मंजूर झाला, आणि मधल्या समितीत ते पोटकलम कापलं गेलं. याला पत्ताच नाही! छापील कायदा याने उघडलाच नव्हता. म्हणे, "आपण शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघायला कशाला जायचं?" याने तुला सांगितलं ते कायद्यातलं नाही, स्वतःच्या डोक्यातलं.

तू रडू नकोस. याला मी बघते.

मामी

ता.क. हे सर्व खरं आहे. मी माझा मसुदा पाठ म्हणून दाखवला, कायदा पाहिला नाही. तुला "मोज" असं सांगणारा मीच. जुन्या सहकाऱ्याला फोन केला, कानात यंत्र घालून. तो म्हणाला, समितीत कोणीतरी म्हणालं की असं पोटकलम ठेवलं तर सगळ्याच शाळा खरं लिहायला लागतील, मग कचेरीने करायचं काय? म्हणून काढलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. वीस मिनिटं मी खुर्चीत बसून वाटली नाहीत. तू सहा वर्षांची असताना तुला जेवायला एकोणीस मिनिटं लागायची. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मी मोजली होती, बरेच दिवस. एक मिनिट पाणी प्यायला वाढवलं.

मोठ्या बाईंना मी वेगळं पत्र लिहितोय. माझा शब्द माझ्याकडे परत आलाय.

मामा

२८ ऑक्टोबर

प्रिय मामा,

एकोणीस? मला तर आठवतं की मी भराभर जेवायचे आणि दादाच रेंगाळायचा. म्हणजे घरातली गोगलगाय मी होते, आणि तुम्ही कोणी मला कधी कळूच दिलं नाहीत.

त्या टिपेनंतर मी दोन दिवस तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमेना. मग आमच्या घरचा नियम आठवला. शेवटचं ताट उचललं की मगच वही उघडायची. मी जेवत असेन तोवर दादा आणि ताई टेबलाशी बसून गप्पा मारायचे, तू वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचास, आणि मला वाटायचं जेवण म्हणजे असंच असतं. हे मी मोठ्या बाईंना सांगितलं.

तुझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मामांनी चार पानं माफी मागितलीय. पहिल्या पानावरच मी माफ केलं होतं, पण अक्षर सुंदर आहे म्हणून शेवटपर्यंत वाचलं." मग खुर्ची मागे सरकवली. "आता यादीत गेलोच आहोत ना? मग जेवूया तरी नीट. घंटा उद्यापासून बंद!" आणि मला परत "अगं" म्हणाल्या.

आता काय केलंय ते ऐक. हात धुवायची युक्ती मावशींची. मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. त्या म्हणाल्या, "दोनशे पोरं तीन नळांना कशाला लटकवता? वर्गाबाहेर बादली न् तांब्या ठेवा, तिथेच हात धुऊन या." एका वाक्यात अकराची चार मिनिटं झाली! मी नऊ दिवस मोजत होते, त्या नऊ वर्षं बघत होत्या. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर, "मला कुणी फॉर्म दिला?"

दुसरं म्हणजे प्रत्येक पंगत आता तीसऐवजी अडतीस मिनिटांची, शेवटची तिसरीची, आणि तिच्यानंतर कोणी यायचं नसतं, तेव्हा मागून ढकलणारं कोणी नाही. तिसरं, घंटा. मी सुचवलं की जो शेवटी जेवून उठेल त्याने ती वाजवायची. म्हणजे शेवटचं असणं लाजेचं राहणार नाही. मला वाटलं, किती छान सुचलं मला!

मामा, दुसऱ्याच दिवशी सगळ्या वर्गाला शेवटचं व्हायचं होतं. एकेक दाणा खाऊ लागले. एकजण घास बत्तीस वेळा चावतोय आणि मोठ्याने मोजतोय. एकीने ताटात एक वाटाणा लपवून ठेवला आणि सगळे उठल्यावर काढून खाल्ला. पंचावन्न मिनिटं! गणिताचा तास वाटाण्यांत गेला. गोगलगाय चौदावी आली आणि तिला हुंदका फुटला, की मी आता शेवटचीसुद्धा नाही.

मावशी डाव हातात धरून बाहेर आल्या. "ऐका रे. घंटा शेवटच्याने नाही वाजवायची. शेवटच्याच्या शेजारी जो सोबतीला बसून राहील, त्याने वाजवायची. आणि मुद्दाम रेंगाळलेलं मला कळतं, माझं आयुष्य ताटं बघण्यात गेलंय."

तेव्हापासून गोगलगायीच्या शेजारी बसायला भांडणं आहेत. तिने वहीत पाळ्या लावून दिल्यात. अक्षर तुझ्यासारखं आहे.

वेळ विचारशील. तेवीस मिनिटं, स्वतः पाहून.

मोजपट्टी

१९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तपासणी झाली. मी जिवंत आहे.

अधिकारी उंच, हातात बॅग, चेहऱ्यावर इस्त्री. प्रश्न एकपासून सुरुवात केली. सातव्याला म्हणाले, "पिल्लं उडाली का?" मी म्हटलं, "उडाली, साहेब," आणि खिडकी उघडून दाखवली. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटतं त्यांनी ते वाचून वाट पाहिली होती.

एकतिसाव्या प्रश्नाला ते स्वतः घड्याळ घेऊन तिसरीच्या पंगतीला बसले. मावशींनी ताट वाढलं. साहेबांनी खाली मान घातली आणि वर केली तर ताट रिकामं. चार मिनिटं. मुलं बघतच राहिली. मावशी म्हणाल्या, "साहेब, इथे घंटा थांबते. कुठे पळताय?"

साहेब ओशाळले. "सवय आहे," म्हणाले. "शाळेत लागलेली. आमच्या शाळेत मागे राहिलेल्याचं ताट काढून घ्यायचे." मग त्यांनी परत थोडी भाजी मागितली आणि ती सावकाश खाल्ली. गोगलगायीने त्यांना वाटाणे कसे खायचे ते दाखवलं.

निकाल हा: यादीतून नाव या वर्षी निघत नाही, नियम नियम आहे. मोठ्या बाईंच्या नोंदीत लाल शेरा पडलाय. साहेबांनी तो त्यांना स्वतः वाचून दाखवला. "शाळेने उणीव स्वतः मोजून स्वतः कळवली. कलम चुकीचे उद्धृत केले. आज वेळ तेवीस मिनिटे." मोठ्या बाईंनी तो परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल नीट बघून काहीतरी लिहिलंय. याची मला एक नक्कल हवी." ती आता भोजनगृहात लावलीय, घंटेच्या वर.

मी सारखी माफी मागत होते. त्या म्हणाल्या, "पुरे गं. मार्चनंतर तो शेरा मला फक्त शोभेला आहे." मला कायम करण्याच्या शिफारशीत त्यांनी लिहिलंय, "न पाहता सही एकदाच केली. पुन्हा करणार नाही." ते खरं आहे, म्हणून मी हरकत घेतली नाही.

जाताना साहेबांनी विचारलं, "ते पोटकलम चार तुम्हाला मिळालं कुठून? वाचायला चांगलं होतं." मी सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता घेतलाय. अहवालाला जोडायला मूळ मजकूर हवाय त्यांना. आता तरी छापील कायदा उघड, मामा, दुरुस्ती कुठे घालायची ते कळायला.

आणि मामीला घेऊन ये. जेवायलाच या. तिसरीच्या पंगतीला दोन जागा धरल्यात. तुझ्या नव्या बसवलेल्या दातांना चालेल असंच काहीतरी असतं.

मोजपट्टी

४ डिसेंबर

प्रिय मोजपट्टी,

घरी सुखरूप पोहोचलो. पोटकलम चार साहेबांकडे पाठवलं. ते कायद्यात जाईल की नाही सांगता येत नाही, आणि या वेळी मी शब्द देणार नाही.

तू मोठ्या बाईंशी बोलायला बाहेर गेली होतीस, म्हणून तुला माहीत नसलेलं तेवढं लिहितो. तुझ्या फॉर्ममध्ये याची चौकट नाही.

मामीचं जेवून झालं, ती मावशींच्या मागे स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दोघी गप्पांत रंगल्या. वर्गाचं झालं. माझ्या ताटात अजून निम्मं होतं. नवे दात हा स्वतंत्र कायदा आहे, त्याची कलमं मला पाठ व्हायची आहेत. आजूबाजूला पाहिलं तर मुलं उठलेली आणि मी एकटाच बसलेला. जन्मात पहिल्यांदा मी शेवटचा होतो. मला घाई झाली. मी ताट बाजूला सारायला लागलो. म्हटलं, जाऊ दे, पुरे झालं.

तर शेजारची जागा कोणीतरी सोडलीच नव्हती. वेणी, हातात पाळ्यांची वही. तिने वहीत बघितलं, माझ्या ताटात बघितलं, आणि ताट माझ्यापुढे परत सरकवलं.

"सावकाश, आजोबा," माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "मी आहे."

मग तिने मला तशीच कानाशी कबुतराची गोष्ट सांगितली, तू सांगितलीस त्याहून बरीच लांब. मी सगळे वाटाणे संपवले, एकेक. पाणी प्यायलो. तेव्हा ती उठली, दोन्ही हातांनी दोर ओढला आणि घंटा दिली. यंत्र कपाटात होतं, पण मला ती ऐकू आली.

एकवीस मिनिटं लागली. स्वतः पाहून लिहितोय.

तुझा,
मामा

ता.क. मामी. दोन महिन्यांत तुझ्या हातून काहीतरी फुटेल, ही पैज मी हरले, कबूल आहे. आणि हा आज पुन्हा शीळ घालतोय.